खातं एक, डिव्हाइस तीन: एक्सएमपीपीवर एनक्रिप्टेड चॅट कसं सुरू करावं

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या कुठल्याही फौंड्रीचा दिवस बघा. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर येतं. पॅटर्नवाल्याला तेच मोबाइलवर हवं असतं. मालक त्या वेळी कागलच्या युनिटवर असतात आणि त्यांच्या मुलाकडं आयफोन असतो. दर काय ठरला, माल कधी निघणार, कुणाचं पेमेंट अडकलंय, सगळं चॅटवरूनच फिरतं. गुजरीतल्या सराफाचं किंवा शाहूपुरीतल्या गुळाच्या अडत्याचं याहून वेगळं नाही. एवढा कामाचा ऐवज ज्या वाटेनं जातो, ती वाट कुणाच्या ताब्यात आहे याची चौकशी मात्र कुणी करत नाही.

कुणा एका कंपनीच्या ताब्यात नसलेली वाट म्हणजे एक्सएमपीपी, आणि हा लेख अशा माणसांना ती दाखवण्यासाठी आहे. घरच्यांशी चार गोष्टी तिसऱ्याच्या कानावर न पडता बोलायच्या असतील, त्यांच्याही कामाचा आहे. कॉम्प्युटरचं ज्ञान फार लागत नाही. यूपीआयवरून पैसे पाठवता येत असतील तर हेही जमेल.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा, कारण नव्या माणसाच्या बहुतेक अडचणी तिथूनच निघतात. खातं तुमचं एकच असतं, पण प्रत्येक डिव्हाइसची मेसेज उघडायची किल्ली वेगळी असते. फोनची वेगळी, कॉम्प्युटरची वेगळी, टॅबची वेगळी. हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

हे आहे तरी काय

एक्सएमपीपी म्हणजे चॅटचे खुले नियम. जेरेमी मिलर यांनी १९९९ मध्ये जॅबर नावानं हे काम जगापुढं ठेवलं आणि २००४ मध्ये इंटरनेटचे मापदंड ठरवणाऱ्या आयईटीएफनं ते नियम अधिकृतपणे छापले. ते वाचून कुणीही ॲप बनवू शकतं, कुणीही सर्व्हर, म्हणजे मेसेज पोचवणारा मधला कॉम्प्युटर, चालवू शकतं. व्हॉट्सॲपची सुरुवातीची बांधणीसुद्धा ईजॅबरडी या एक्सएमपीपी सर्व्हरवरच झाली होती. फक्त त्यांनी बाहेरच्या जगाशी जोडणारं दार ठेवलं नाही.

ते दार हीच इथली खरी गंमत आहे. जिओच्या नंबरवरून बीएसएनएलला फोन लागतो, दोघांनी एकाच कंपनीचं सिम घ्यावं लागत नाही. तसंच इथं: तुमचं खातं एका सर्व्हरवर, पुण्यातल्या बहिणीचं दुसऱ्या, आणि दोघं आरामात बोलता. एखादा सर्व्हर बंद पडला तर त्याच्यावरची खाती अडचणीत येतात, बाकीचं जाळं चालू राहतं. गूगल टॉकनं आधी हे दार उघडं ठेवलं होतं. २०१३ मध्ये हँगआउट्स आणताना गूगलनं ते बंद करायला घेतलं, तरी इतर सर्व्हरवरचे लोक एकमेकांशी बोलतच राहिले.

व्हॉट्सॲपवरचे मेसेज २०१६ पासून एंड-टू-एंड एनक्रिप्टेड आहेत, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कुणाला वाचता येत नाहीत, हे मान्य केलं पाहिजे. माझी हरकत वेगळी आहे. खातं फोन नंबरला बांधलेलं, सर्व्हर एकाच कंपनीचा आणि आतला कोड बंद, म्हणजे बाहेरच्याला तो तपासता येत नाही. २५ ऑक्टोबर २०२२ ला, ऐन दिवाळीत, भर दुपारी व्हॉट्सॲप सुमारे दोन तास ठप्प झालं, तेव्हा वाट बघण्यापलीकडं कुणाच्याच हातात काही नव्हतं. सिग्नल हे ॲप उत्तम आहे, कोडही खुला आहे, पण तिथंही सर्व्हर एकाच संस्थेचा आणि नोंदणीला नंबर लागतोच. टेलिग्रामचे नेहमीचे चॅट तर एंड-टू-एंड एनक्रिप्टेड नसतातच. बऱ्याच जणांचा तसा समज असतो म्हणून मुद्दाम सांगतो.

मॅट्रिक्स नावाची आणखी एक खुली व्यवस्था २०१४ पासून आहे आणि तीही चांगली आहे. पण मे २०२३ मध्ये केंद्र सरकारनं १४ मेसेंजर ॲपवर बंदी घातल्याच्या बातम्या आल्या, त्या यादीत मॅट्रिक्सचं एलिमेंट हे प्रमुख ॲप होतं. नव्या माणसानं तिथून सुरुवात करावी असं मला वाटत नाही. शिवाय एक्सएमपीपीची ॲप हलकी असतात. घरात पडून असलेल्या जुन्या फोनवरही नीट चालतात.

सर्व्हर निवडणं

इथं घाई करू नका. पत्ता ई-मेलसारखा दिसतो: आधी नाव, मग ॲटची खूण, मग सर्व्हरचं नाव. हा पत्ता पुढं बदलता येत नाही. सर्व्हर बदलायचा तर नवं खातं काढून सगळ्यांना पुन्हा कळवावं लागतं.

प्रोव्हायडर्स.एक्सएमपीपी.नेट या साइटवर सर्व्हरची यादी मिळते (टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत). यादी बघताना मी चार गोष्टी तपासायला सांगतो. सर्व्हर किती वर्षं चालू आहे आणि कोण चालवतं. किती मोठी फाइल पाठवता येते. कास्टिंगच्या ड्रॉइंगची पीडीएफ किंवा मशीनचा व्हिडिओ पाठवायचा असेल तर हे आधी कळलेलं बरं. मेसेज सर्व्हरवर किती दिवस साठवले जातात. आणि पासवर्ड विसरला तर ई-मेलवरून नवा करता येतो का.

तिसरी गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. ऑफिसचा कॉम्प्युटर सुट्टीत चार-पाच दिवस बंद असतो. तो पुन्हा चालू झाला की मधले मेसेज सर्व्हरच्या साठ्यातून उतरवतो. साठा दोनच दिवसांचा असेल तर आधीचे मेसेज त्या कॉम्प्युटरवर कधीच येणार नाहीत, फोनवर दिसत असले तरी. दोन आठवड्यांच्या वर साठवणारा सर्व्हर घ्या.

सर्व्हर जर्मनीत असो की नेदरलँड्समध्ये, मेसेजच्या वेगात फरक जाणवत नाही. एकाच घरातल्या सगळ्यांनी एकच सर्व्हर घ्यायची गरज नाही. उलट दोन सर्व्हरवर विभागून राहिलात तर एक बंद पडल्यावर अख्खं घर गप्प होत नाही.

नावात मोबाइल नंबर, जन्मसाल घालू नका. धंद्याचं असेल तर धंद्याचंच नाव, घरचं असेल तर साधं टोपणनाव.

पासवर्डबद्दल मात्र नीट ऐका. आपल्याला ओटीपीची सवय लागली आहे. काही विसरलं की फोनवर नंबर येतो आणि काम होतं. इथं फोन नंबरच दिलेला नसतो, त्यामुळं ओटीपी यायचा कुठून? सर्व्हरकडं तुमचा ई-मेल नसेल आणि पासवर्ड गेला तर खातं गेलं. लांब पासवर्ड ठेवा, वहीत लिहा आणि ती वही कपाटात ठेवा. घरातल्या कपाटातली वही नेटवरच्या चोराच्या हाती लागत नाही.

पहिला फोन

अँड्रॉइडवर कॉन्व्हर्सेशन्स हे ॲप घ्या. डॅनियल गुल्च यांनी २०१४ मध्ये ते आणलं आणि आजही एक्सएमपीपीसाठी त्याच्याइतकं नीटस ॲप अँड्रॉइडवर नाही, असं माझं मत आहे. एफ-ड्रॉइडवर ते मोफत मिळतं. एफ-ड्रॉइड हे खुल्या सॉफ्टवेअरचं दुकान. त्याच्या साइटवरून ते आधी फोनमध्ये घ्यायचं, आणि बाहेरून ॲप घेण्याची परवानगी फोननं विचारली की फक्त त्याच कामापुरती द्यायची.

ॲप उघडल्यावर दोन वाटा दिसतात: नवं खातं काढा, किंवा आधीच खातं आहे. नवं काढताना तुम्ही निवडलेल्या सर्व्हरचं नाव घाला. काही सर्व्हर ॲपमधून खातं काढू देत नाहीत. मग आधी त्यांच्या साइटवर खातं काढा आणि ॲपमध्ये दुसरी वाट घ्या.

आता ज्या पायरीवर निम्मी माणसं "मेसेज उशिरा येतात" म्हणून हे सगळं सोडून देतात, तिच्याकडं वळू. आपल्याकडचे बरेच फोन, विशेषतः शाओमी, विवो, ओप्पो, रियलमी, बॅटरी वाचवायला मागं चालणारी ॲप मारून टाकतात. एफ-ड्रॉइडवरचं कॉन्व्हर्सेशन्स गूगलच्या नोटिफिकेशन सेवेवर अवलंबून नसतं; ते सर्व्हरशी स्वतःचं कनेक्शन धरून बसतं. फोननं ॲप मारलं की कनेक्शन तुटतं आणि तुम्ही ॲप उघडेपर्यंत मेसेज दिसत नाही. म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये जा, ॲपच्या यादीत कॉन्व्हर्सेशन्स शोधा, बॅटरीच्या पानावर "अनरिस्ट्रिक्टेड" किंवा "नो रिस्ट्रिक्शन्स" निवडा, आणि "ऑटोस्टार्ट" असं काही दिसलं तर तेही चालू करा. कनेक्शन असं धरून ठेवल्यानं बॅटरी फारशी जात नाही.

मग एखाद्याला संपर्कात घ्या. अधिकच्या खुणेवर दाबून समोरच्याचा पूर्ण पत्ता टाका किंवा त्याच्या फोनवरचा क्यूआर स्कॅन करा. पहिला मेसेज पाठवण्याआधी कुलपाचं चिन्ह बघा. दोघांच्या चॅटमध्ये एनक्रिप्शन आपोआप चालू असतं, त्याचं नाव ओमेमो. तरी बघायची सवय लावा.

घरातल्या वडीलधाऱ्यांना पत्ता वगैरे नको असेल तर क्विक्सी नावाचं ॲप आहे. ते गुल्च यांचंच आहे, पण त्यात फोन नंबर हाच पत्ता होतो. आजीला तेच द्या. तिचं क्विक्सी आणि तुमचं कॉन्व्हर्सेशन्स एकमेकांशी बोलतात. तिचा नंबर मात्र पत्त्यातच दिसतो, एवढं लक्षात असू द्या.

दुसरं आणि तिसरं डिव्हाइस

विंडोजच्या कॉम्प्युटरवर गाजिम घ्या. मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर आणि त्यांच्या साइटवर मिळतं. लिनक्सवर गाजिम किंवा डिनो, दोन्ही चांगली. डिनो दिसायला जास्त सुटसुटीत. आयफोन आणि मॅकवर मोनाल.

कॉम्प्युटरवर ॲप उघडलं की पुन्हा खातं काढायचं बटण समोर येतं आणि लोक तिथंच फसतात. नवं खातं काढायचं नाही. फोनवरचाच पत्ता, फोनवरचाच पासवर्ड. व्हॉट्सॲप वेबसारखं फोन जवळ धरून क्यूआर दाखवायचं प्रकरण इथं नाही. कॉम्प्युटर स्वतःच्या पायावर उभा असतो. फोन बंद असला, पंचगंगेत पडला, तरी तो चालतो.

ही मोकळीक कशी मिळते ते नीट समजून घ्या, कारण त्यातच किल्ल्यांचं कोडं सुटतं.

ओमेमो २०१५ मध्ये कॉन्व्हर्सेशन्समध्ये आलं. त्याचं गणित सिग्नलच्याच पद्धतीवर आधारलेलं आहे. प्रत्येक डिव्हाइस पहिल्यांदा सुरू होताना स्वतःची किल्ली बनवतं आणि तिचा सार्वजनिक भाग सर्व्हरवर जाहीर करतं. गुप्त भाग डिव्हाइसच्या बाहेर पडत नाही. आता समजा तुमचा फोन, ऑफिसचा कॉम्प्युटर आणि टॅब अशी तीन डिव्हाइस आहेत, आणि पॅटर्नवाल्या मामांची फोन आणि लॅपटॉप अशी दोन. तुम्ही फोनवरून लिहिता, "ड्रॉइंग बदललंय, जुनं वापरू नका." ॲप हा मजकूर एका नव्या किल्लीनं एकदाच बंद करतं. मग ती किल्ली चार वेळा वेगवेगळी गुंडाळतं: मामांच्या दोन डिव्हाइससाठी दोनदा आणि तुमच्याच कॉम्प्युटर व टॅबसाठी दोनदा. हे गाठोडं सर्व्हरवरून जातं, पण सर्व्हरकडं यातली एकही गुप्त किल्ली नसते, म्हणून त्याला आतलं काही वाचता येत नाही. मामांच्या लॅपटॉपवर मजकूर उघडतो, तुमच्या कॉम्प्युटरवरही तुम्ही काय पाठवलं ते दिसतं.

यातून तीन गोष्टी आपोआप निघतात.

नवं डिव्हाइस जुने मेसेज वाचू शकत नाही. ते पाठवले तेव्हा त्याची किल्लीच नव्हती, तर तिच्यासाठी गुंडाळणार कोण? गाजिममध्ये पहिल्यांदा आत गेल्यावर जुन्या मेसेजच्या जागी "हा मेसेज या डिव्हाइससाठी एनक्रिप्ट केलेला नव्हता" अशा अर्थाच्या ओळी दिसल्या तर घाबरू नका. काही बिघडलेलं नाही. जुनं सगळं फोनवर आहेच.

दुसरं, नवं डिव्हाइस आल्यावर समोरच्याच्या ॲपला ते कळावं लागतं. म्हणून नव्या कॉम्प्युटरवरून प्रत्येक नेहमीच्या माणसाला एक साधा मेसेज टाका. "हा माझा ऑफिसचा कॉम्प्युटर" एवढं पुरे. त्यांना कारणही कळतं आणि किल्ल्यांची देवाणघेवाणही होते.

तिसरं, तुमच्या फोननं तुमच्याच कॉम्प्युटरवर विश्वास ठेवला पाहिजे. कॉन्व्हर्सेशन्समध्ये खात्याच्या पानावर जा. वर या फोनची ओमेमो खूण (किल्लीची ओळख पटवणारी अक्षरं) दिसते, खाली "इतर डिव्हाइस". तिथं कॉम्प्युटरच्या खुणेसमोरचं बटण चालू हवं. ते बंद असेल तर फोनवरून पाठवलेलं कॉम्प्युटरवर उघडणार नाही. गाजिममध्ये प्रत्येक चॅटमध्ये मेसेज लिहायच्या जागेजवळ कुलूप असतं. ते उघडं दिसलं तर त्यातून ओमेमो निवडा.

मेसेज एका बाजूनं जातात, दुसऱ्या बाजूनं उघडत नाहीत, अशी तक्रार आली की मी हा क्रम सांगतो. दोन्हीकडं कुलूप लागलंय का बघा. दोघांच्या किल्ल्यांच्या यादीत नवं डिव्हाइस आलंय का आणि चालू आहे का बघा. प्रत्येक डिव्हाइसवरून एक ताजा मेसेज पाठवा. एवढ्यानं बहुतेक वेळा गाडी रुळावर येते. ॲप काढून पुन्हा टाकू नका! आपल्याकडं कुठल्याही बिघाडावरचा पहिला उपाय तोच असतो, पण इथं त्यानं नुकसान होतं: जुनी किल्ली जाते, तिच्यासोबत त्या डिव्हाइसवरचा जुना संवाद जातो, आणि सगळ्यांच्या यादीत एक मेलेलं डिव्हाइस पडून राहतं.

कॉलेजच्या किंवा कंपनीच्या वायफायवर ॲप जोडलंच जात नसेल तर बहुधा तिथं ५२२२ हा पोर्ट, म्हणजे एक्सएमपीपीचं नेहमीचं जाण्या-येण्याचं दार, बंद असतो. मोबाइल डेटावर चालतं का बघा. चालत असेल तर ४४३ पोर्टवरूनही जोडू देणारा सर्व्हर हवा. तसे बरेच आहेत.

समोर खरंच तोच माणूस आहे का

किल्ली जाहीर करायचं काम सर्व्हर करतो. मग सर्व्हर चालवणाऱ्यानंच मधे स्वतःची किल्ली घुसवली तर? ही शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर समोरासमोर भेटण्यात आहे.

प्रत्येक किल्लीची ६४ अक्षरी खूण असते. ती वाचून जुळवण्यापेक्षा क्यूआर सोपा. महाद्वार रोडला चहा पिताना मामांनी त्यांच्या फोनवर आपल्या खात्याचा क्यूआर काढावा, तुम्ही तो कॉन्व्हर्सेशन्सनं स्कॅन करावा, आणि मग उलट. किल्ली पडताळल्याची खूण लगेच उमटते. पुण्यातल्या बहिणीचं असं जमत नसेल तर साध्या फोनवर तिचा आवाज ऐकत दोघांनी अक्षरं वाचून जुळवा. वेळ लागतो, पण एकदाच लागतो.

पडताळणीनंतर एक बदल होतो. जोवर तुम्ही कुणाची एकही किल्ली पडताळलेली नाही, तोवर ॲप त्या माणसाच्या नव्या डिव्हाइसवर आपोआप विश्वास ठेवतं. एकदा का पडताळली, की पुढचं प्रत्येक नवं डिव्हाइस तुम्ही स्वतः मान्य करावं लागतं. म्हणजे मामांनी नवा फोन घेतला आणि तुमचे मेसेज त्यावर उघडेनासे झाले, तर कारण हेच. आधी त्यांना साधा फोन करून विचारा, "मामा, नवीन फोन घेतलाय काय?" हो म्हणाले तर नवी खूण जुळवून मान्य करा. नाही म्हणाले तर ते डिव्हाइस मान्य करू नका आणि त्यांना लगेच पासवर्ड बदलायला सांगा.

दरांची, पैशांची, दवाखान्याची बोलणी ज्यांच्याशी होतात, त्यांच्यापुरती पडताळणी नक्की करा. बाकीच्यांची नाही केली तरी एनक्रिप्शन चालूच असतं.

ग्रुप

कॉन्व्हर्सेशन्समध्ये ग्रुप दोन तऱ्हेचे. खासगी ग्रुपमध्ये बोलावलेलीच माणसं असतात आणि तिथं ओमेमो चालतं. सार्वजनिक चॅनेलमध्ये कुणीही येऊ शकतं आणि तिथं एनक्रिप्शन नसतं.

पावसाळ्याचं उदाहरण घेऊ. जुलै-ऑगस्टमध्ये अख्ख्या कोल्हापूरचा डोळा राजाराम बंधाऱ्यावरच्या पंचगंगेच्या पातळीवर असतो: ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. पातळी सांगणारा ग्रुप सार्वजनिक चॅनेल असलेलाच बरा. ती माहिती लपवायची कशाला? पण कुठल्या गल्लीत कुणाची आई अंथरुणाला खिळलेली आहे, कुणाच्या घराला कुलूप लावून मंडळी पाहुण्यांकडं गेली आहेत, ही माहिती चुकीच्या हातात पडली तर घात होतो. ती तालमीच्या आठ-दहा कार्यकर्त्यांच्या खासगी ग्रुपमध्येच ठेवा. आणि हेही ध्यानात घ्या, की या सगळ्याला इंटरनेट लागतं. टॉवर बंद पडला की हे चॅटही बंद. पुराच्या तयारीत फोन नंबरांची कागदावरची यादी लागतेच.

खासगी ग्रुप काढण्याआधी सगळ्यांनी एकमेकांना संपर्कात घ्या, म्हणजे किल्ल्या मिळायला अडत नाही. नंतर आलेल्या माणसाला आधीचं बोलणं वाचता येत नाही. त्याला थोडक्यात सांगून टाका. ग्रुप लहान ठेवा. वर सांगितलं तसं प्रत्येक मेसेजची किल्ली प्रत्येक डिव्हाइससाठी वेगळी गुंडाळावी लागते. बारा माणसांची तीस डिव्हाइस सहज होतात. घर, दुकान, कारखाना, कार्यकर्ते यांच्यासाठी हे उत्तम. तीनशे जणांच्या मंडळासाठी ओमेमोचा ग्रुप काढू नका.

फोटो आणि पीडीएफही बंद करूनच सर्व्हरवर चढतात. पण सर्व्हर फाइल ठरावीक मुदतीनंतर पुसतो. कामाचं ड्रॉइंग आलं की उतरवून योग्य फोल्डरमध्ये ठेवा.

काय झाकलं जात नाही

ओमेमो मजकूर झाकतं. तुम्ही कुणाशी, केव्हा, किती वेळा बोललात हे सर्व्हरला दिसतं. तुमची संपर्कांची यादी सर्व्हरवरच असते, ग्रुपचं नावही तो वाचू शकतो. म्हणून ग्रुपच्या नावात गिऱ्हाइकाचं नाव किंवा रकमा घालू नका. सर्व्हर कोण चालवतं हे आधी बघायला सांगितलं, त्याचं कारण हेच.

स्वतःचा सर्व्हर चालवायचा असेल तर स्निकेट हे सॉफ्टवेअर त्यासाठीच बनवलेलं आहे. त्यात आमंत्रणाच्या लिंकनं घरच्यांची खाती निघतात. पण त्याला स्वतःचं डोमेन (इंटरनेटवरचं नाव), चोवीस तास वीज आणि नेट, आणि अपडेट करणारा जागरूक माणूस लागतो. आधी काही महिने दुसऱ्याच्या सर्व्हरवर हात बसू द्या.

फोन बदलताना, फोन हरवल्यावर

नवा फोन घ्यायचा असेल तर जुन्या फोनवर कॉन्व्हर्सेशन्सच्या सेटिंगमधून बॅकअप काढा, फाइल नव्या फोनवर न्या आणि ॲप पहिल्यांदा उघडताना बॅकअप परत घ्या. उघडायला खात्याचाच पासवर्ड लागतो. जुने मेसेज मिळवायची हीच वाट आहे. पण हा बॅकअप दुसरा फोन जोडायला वापरू नका. एकच किल्ली दोन फोनवर एकाच वेळी चालली की दोन्हीकडचे मेसेज उघडेनासे होतात. नव्यावर बॅकअप घेतला की जुन्यावरचं ॲप बंद, आणि फोन विकायचा असेल तर आधी फॅक्टरी रीसेट.

फोन हरवला तर आधी दुसऱ्या डिव्हाइसवरून पासवर्ड बदला. मग त्या डिव्हाइसवरच्या किल्ल्यांच्या यादीतून हरवलेल्या फोनची किल्ली बंद करा. कॉन्व्हर्सेशन्समध्ये इतर डिव्हाइसची यादी एका बटणानं साफ करता येते; तुमची बाकीची डिव्हाइस पुन्हा जोडली की आपलं नाव परत लावतात, हरवलेल्या फोनकडं मात्र नवा पासवर्ड नसतो. शेवटी ज्यांच्याशी कामाचं बोलणं चालतं त्या प्रत्येकाला फोन करून सांगा, की त्यांच्या यादीतही त्या फोनची खूण बंद करायची आहे. फोनला स्क्रीन लॉक नसेल तर आतले जुने मेसेज चोराला वाचता येतातच, म्हणून स्क्रीन लॉक आजच लावा.